कांदळवनाचं पथक सांभाळताना: या चुका टाळा

रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी आम्ही कांदळाची रोपं लावत होतो. जूनचा पहिला आठवडा. मंडप होता, पाहुणे होते, फोटोवाले होते. शेजारी होडीची दोरी गुंडाळत बसलेले एक म्हातारे कोळी काका मला म्हणाले, "मॅडम, ही पान्याची वाट हाय, झारांची नाय." मी ऐकून घेतलं आणि तरीही रोपं लावली. जागा वरून ठरली होती, खुणेचे बांबू रोवून झाले होते आणि संध्याकाळपर्यंत आकडा कळवायचा होता. दिवाळीपर्यंत तिथं फक्त बांबू उभे होते.

राज्यात खाडीकाठच्या कांदळवनांसाठी, म्हणजे मॅन्ग्रोव्हच्या जंगलांसाठी, वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. पालघर, ठाणे, मुंबईचे दोन्ही जिल्हे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सगळ्या किनाऱ्याचं काम त्याच्याकडे आलं. तिथं बदलून येणारे अधिकारी बहुतेक सागाच्या, बांबूच्या जंगलातून आलेले असतात. मीही तशीच आले. घाटावरच्या जंगलात शिकलेलं पुष्कळ काही इथं उपयोगी पडतं, पण जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते ही एकच गोष्ट सगळं कोष्टक बदलून टाकते. नव्याने परिक्षेत्राचा ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी, वनपालांसाठी मी हे लिहिते आहे. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, काही शेजारच्या परिक्षेत्रांत होताना पाहिल्या आहेत.

रोपं मोजली, पाणी मोजलं नाही

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

पथकाला आपण काय विचारतो, तेच पथक करतं. "किती रोपं लावली?" असं विचारलं की माणसं भराभर रोपं लावतात, आणि जिथं लावायला सोपं तिथं लावतात. सोपी जागा म्हणजे उघडा, सपाट, मोकळा चिखल. तो मोकळा का आहे, हे कुणी विचारत नाही. कांदळवनाचं बी पाण्यावर तरंगत सगळीकडे जातं. एखाद्या खाडीत हजारो बिया दरवर्षी येत असूनही विशिष्ट पट्ट्यात एकही झाड उभं राहत नसेल, तर त्याला कारण असतं. एक तर ती जागा फार खोल आहे आणि रोप बराच वेळ पाण्याखाली राहतं, नाहीतर ती फार उंच आहे आणि उधाणाशिवाय, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीशिवाय, पाणी पोहोचतच नाही, नाहीतर कुणीतरी पाण्याचा रस्ता अडवला आहे. पहिल्या प्रकारच्या जागेत काहीच लावायचं नाही. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी ज्या चिखलात चरतात तो असाच उघडा चिखल आहे. त्यावर झाडं लावणं म्हणजे त्यांचं ताट काढून घेणं. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालेल्या या खाडीचं मोल तिच्या झाडांइतकंच तिच्या उघड्या गाळात आहे.

खरं काम असतं ते तिसऱ्या प्रकारच्या जागेत. एखादा रस्ता खाडी ओलांडून गेलेला असतो आणि त्याखाली अगदी अरुंद पाइप टाकलेला असतो. भरतीचं पाणी आत जातं पण नीट बाहेर येत नाही, किंवा आतच जात नाही. आतल्या बाजूची झाडं वाळत जातात, जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा दिसू लागतो. इथं कितीही रोपं लावा, ती मरणारच. इथं पाइप मोठा करून घ्यावा लागतो, किंवा साचलेल्या जागी चर काढावे लागतात. तामिळनाडूत पिचावरमला अशाच सुकत चाललेल्या कांदळवनात माशाच्या काट्यासारखे मुख्य आणि उपचर खणून भरतीचं पाणी पुन्हा आत खेळवलं, आणि उजाड झालेली जमीन पुन्हा हिरवी झाली. चर खणण्याचं काम अहवालात रोपांच्या आकड्याइतकं भारी दिसत नाही, म्हणून ते मागे पडतं. पर्यवेक्षकाने हट्टाने ते पुढे आणायला हवं.

मी पुढे एक पद्धत ठेवली. नव्या जागेचा प्रस्ताव आला की वनरक्षकाने तिथं किमान दोनदा जायचं, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला. काठीवर खुणा करून पाणी कुठपर्यंत चढलं ते लिहायचं. जवळच्या जिवंत कांदळवनात जाऊन तिथली झाडं किती पाण्यात उभी आहेत ते त्याच काठीने मोजायचं, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. आपली जागा त्या जिवंत जागेपेक्षा हातभर खोल निघाली तर प्रस्ताव तिथंच थांबवायचा. याला उपकरण लागत नाही. दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस मागून घ्यायची हिंमत वरिष्ठाकडे लागते.

जातीची निवडही पाण्यावरूनच करायची. रोपवाटिकेत कांदळ ही एक जात भरपूर आहे म्हणून सगळीकडे कांदळ, असं होतं. त्याची लांब शेंगेसारखी रोपटी हाताळायला सोपी, चिखलात खोचली की उभी राहतात, फोटोतही छान दिसतात. पण खारटपणा आणि हाल सोसणारी तिवर असते, समुद्राच्या अंगाला चिप्पी टिकते, गोड्या पाण्याचा ओघ येतो त्या आतल्या बाजूला मरांडी आपसूक फोफावते. पांढरी चिप्पी २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. त्यानंतर ती दिसेल तिथं लावायचा उत्साह मी पाहिला आहे. मान मिळाला म्हणून झाडाची गरज बदलत नाही.

आणखी एक गोष्ट, कॅलेंडरची. तिवरीचं बी पावसाळ्यात पडतं आणि थोड्याच दिवसांत मुळं धरायला लागतं. ते गोळा करायचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. आपला निधी मात्र बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चच्या घाईत येतो. बी गोळा करणाऱ्या माणसांची, पिशव्यांची, शेडनेटची सोय मे महिन्यातच करून ठेवा. सप्टेंबर निसटला की मग बाहेरून रोपं मागवण्याची वेळ येते आणि कुठल्या खाडीचं रोप कुठल्या खाडीत गेलं याचा पत्ता राहत नाही.

रोपं मरताहेत? आधी हे बघा

तपासणीला गेल्यावर "सर्व्हायव्हल किती" एवढंच विचारून परत येऊ नका. रोप कसं मेलं यावरून कारण कळतं.

खोडावर शंखशिंपल्यांचे खरखरीत थर चढले असतील आणि रोप त्या वजनाने वाकलं असेल, तर जागा फार खोल आहे. पानं लहान, पिवळी आणि जमीन पांढुरकी असेल तर पाणी पोहोचत नाही. पाणी साचून कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पाणी येतं पण निघत नाही. एखादा चर बुजला आहे का ते बघा. खाडीकडच्या पहिल्या दोन ओळी उपटून गेल्या आणि मागच्या ठीक असतील तर लाटा, होड्यांचा धक्का किंवा ओढलेली जाळी हे कारण. शेंडे एकाच उंचीवर खुडलेले असतील तर गावातली गुरं किंवा शेळ्या येताहेत. अशा वेळी कुंपणाआधी गुराख्याला भेटा. रोपांना प्लास्टिकच्या पिशव्या, दोरखंडांचे तुकडे गुंडाळले गेले असतील तर पावसाळ्यानंतर महिन्यातून दोनदा सफाईचा फेरा लावा, नाहीतर पानं श्वास कोंडून गळतात. आणि रोपं गाळात गाडली गेली असतील तर वरच्या अंगाला कुठं भराव किंवा उत्खनन चाललंय ते शोधा. ते सापडलं तर तो गुन्ह्याचा तपासही आहे.

पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या तिवरी अचानक तपकिरी पडतात आणि फोन सुरू होतात, "साहेब, कुणीतरी विष टाकलंय." बऱ्याचदा हे एका पतंगाच्या अळ्यांचं काम असतं. सागाची पानं खाणारी हीच अळी तिवरीचीही पानं फस्त करते. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. अशा वेळी फवारणीचा प्रस्ताव पाठवू नका. अळ्यांमागे पक्षी येतात, औषध मात्र खाडीत उतरतं. पण पाहायला जरूर जा, कारण कधीकधी कारण खरोखरच वेगळं असतं. पानं कुरतडलेली, त्यांच्या नुसत्या जाळ्या उरलेल्या दिसल्या तर अळी. पानं शाबूत असून वाळलेली दिसली तर पाणी अडवलंय का, रसायन आलंय का ते शोधा.

दहा ते सहाची हजेरी

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि सगळ्यात खोल ओहोटी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. म्हणजे कार्यालयाच्या वेळेत गस्त घालणारं पथक उधाणाच्या दिवसांत नेमकं तेव्हा खाडीवर पोहोचतं जेव्हा सगळं पाण्याखाली असतं. भराव टाकणाऱ्यांना हे गणित पक्कं माहीत असतं. आपल्या लोकांनाही माहीत असतं, पण हजेरी दहाची असेल तर ते दहालाच येणार.

कोळीवाड्यात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. अंदाजापुरतं हे पुष्कळ झालं, नेमक्या वेळेसाठी छापील तक्ता भिंतीवर लावा. महिन्याची ड्यूटी त्या तक्त्यावरून आखा आणि पहाटे आलेल्या माणसाला दुपारी सोडा, तेही तोंडी नको, नोंदवहीत लिहून. नाहीतर पहाटे चारला उठलेल्या वनरक्षकाला दुपारी अडीचला बैठकीचा निरोप जातो आणि पुढच्या वेळी तो पहाटे उठत नाही. त्याला दोष देता येत नाही.

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, सिंधुदुर्गात चढउतार त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. उत्तरेकडून दक्षिणेला बदलून आलेल्यांनी, किंवा उलट, जुन्या अनुभवावर विसंबू नये. विशेषतः जिवाच्या बाबतीत. चिखलात गुडघाभर रुतलेल्या माणसाला परतीची भरती गाठते. एकट्याने आत जायचं नाही, पाणी फिरायच्या तासभर आधी बाहेर यायचं, प्रत्येक फेरीत एक दोर आणि एक फळी सोबत ठेवायची, होडीत बसताना लाइफ जॅकेट घालायचं. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापलेला पाय लगेच धुवून दाखवायचा, कारण खाडीचं पाणी जखमेला चांगलं नसतं. आणि महिला वनरक्षकांना सहा-सात तास खाडीवर पाठवताना त्यांच्या स्वच्छतागृहाचा विचार करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी स्वतः बाई असूनही सुरुवातीला याची नोंद घेतली नाही. माझ्या पथकातली एक मुलगी पाणीच पीत नव्हती. उन्हात चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. त्यानंतर जवळच्या शाळेशी, मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयाशी बोलून सोय केली. एका फोनचं काम होतं.

पंचनाम्यात पाणी सुटतं

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीला आणि भरावाला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली. जमीन कुणाच्याही मालकीची असो, कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा यांना संरक्षण आहे. इतका भक्कम आधार असताना प्रकरणं ढासळतात ती कागदावर.

सगळ्यात नेहमीची चूक: "मौजे अमुक येथे खाडीकिनारी कांदळवनाची तोड झालेली दिसून आली." किती झाडं, कोणत्या जातीची, बुंध्याचा घेर किती, कुठल्या गटात, किती क्षेत्रात, काही नाही. बचाव पक्षाचा वकील एवढंच विचारतो, "ती कांदळवनाचीच झाडं होती कशावरून?" तोडलेल्या प्रत्येक बुंध्याला क्रमांक द्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. जीपीएसचे आकडे नुसते मोबाइलच्या पडद्यावरचे नकोत, पंचनाम्यात लिहून पंचांची सही त्याखाली घ्या. भरतीची वेळ आणि पाण्याची रेषा लिहा. भराव आंतरभरती क्षेत्रात, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, पडला हे त्याशिवाय सिद्ध होत नाही. राडारोडा कशाचा आहे, विटांचा, टाइल्सचा, खोदाईच्या मातीचा, ते लिहा, कारण त्यावरून तो कुठल्या बांधकामावरून आला हे शोधता येतं. पंच गावातले घ्या. कार्यालयातला शिपाई आणि गाडीचा ड्रायव्हर हे पंच म्हणून उभे राहू शकत नाहीत, निदान उभे राहिलेले टिकत नाहीत.

दुसरी चूक हद्दीची. अधिसूचित वनक्षेत्र असेल तर आपला वनरक्षक थेट गुन्हा नोंदवू शकतो. महसूल किंवा खासगी जमीन असेल तर तहसीलदार, पोलीस, किनारी क्षेत्राची यंत्रणा यांना मध्ये घ्यावं लागतं. घटना घडल्यावर जागेवर उभं राहून "हे आमचं नाही, तुमचं आहे" असा वाद घालत बसलेली तीन खाती मी पाहिली आहेत. त्या वेळात डंपर परत गेला. यावर एकच उपाय कामी आला. परिक्षेत्रातल्या प्रत्येक गटाची यादी, त्यावर मालकी, अधिसूचनेची स्थिती आणि कुणाला फोन करायचा हे आधीच लिहून प्रत्येक वनरक्षकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने उपग्रह छायाचित्रांवरून केलेले कांदळवनांचे नकाशे हाताशी ठेवा. जागा पूर्वी हिरवी होती हे दाखवायला जुन्या चित्रासारखा साक्षीदार नाही.

आणि कुऱ्हाड शोधत राहू नका. कांदळवन मारायची शांत पद्धत म्हणजे पाणी अडवणं. चार-सहा डंपर माती टाकून खाडीचा एक लहान फाटा बंद करायचा, सहा-आठ महिने थांबायचं, झाडं आपोआप वाळतात. मग ती "वाळलेली झुडपं" म्हणून साफ करायची. या प्रकरणात तोडीचा पंचनामा निरुपयोगी असतो. बांधाचा पंचनामा हवा, आणि तो झाडं हिरवी असतानाच व्हायला हवा. म्हणून गस्तीच्या नोंदवहीत मी "झाडांची स्थिती" या रकान्याआधी "फाट्यात पाणी खेळतंय का" हा रकाना घालून घेतला.

शेतकऱ्याला चोर समजणं

ही चूक मनाला लागणारी आहे. अलिबाग, पेणच्या पट्ट्यात खारबांध आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी समुद्राला थोपवून भातशेती केली. बांधाला खांड पडली, उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, नादुरुस्त झाली आणि दुरुस्ती वेळेत झाली नाही की खारं पाणी शेतात शिरतं. दोन-तीन वर्षांत तिथं तिवरी उगवतात. मग शेतकरी बांध दुरुस्त करायला जातो तेव्हा आपलं पथक त्याला सांगतं, "हे कांदळवन आहे, हात लावायचा नाही."

कायदा आपल्या बाजूने आहे, आणि तरी समोरच्या माणसाची सात-बारावरची शेती गेलेली आहे. तरुण वनरक्षक तिथं आवाज चढवतो, मग गाव एकत्र येतं आणि त्यानंतर रात्री भराव पडला तर फोन करणारं कुणी उरत नाही. मी पथकाला सांगून ठेवलं होतं की अशा ठिकाणी पहिली भेट गणवेशात असली तरी नोटिशीशिवाय द्यायची. बांध फुटल्याची तारीख विचारायची, जुनी पीकपाहणी बघायची, खारभूमी विभागाकडे दुरुस्तीचा अर्ज कधी गेला ते विचारायचं. जिथं अजून झाडं आलेली नाहीत तिथं खांड बुजवण्याचं काम तातडीने व्हावं म्हणून आपण स्वतः खारभूमी विभागाला पत्र लिहायचं. हे आपलं काम नाही असं वाटतं. पण वेळेत बुजलेली प्रत्येक खांड पुढचा एक तंटा वाचवते. जिथं कांदळवन वाढलेलं आहे तिथं खेकडापालन, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन अशा उपजीविकेच्या योजना आधी त्याच कुटुंबांपर्यंत जातात का ते बघायचं. बऱ्याचदा त्या गावातल्या ज्याला अर्ज भरता येतो त्याच्याकडे जातात, ज्याची जमीन गेली त्याच्याकडे जात नाहीत.

योजनांचं पर्यवेक्षण करताना आणखी एक बघा: खेकड्यांचे पिंजरे दिले, प्रशिक्षण झालं, फोटो झाला, पण बीज कुठून आणणार आणि माल कुणाला विकणार, हे दोन प्रश्न सुटले नसतील तर पुढच्या वर्षी पिंजरे भंगारात दिसतील. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. ते टिकलं, कारण खाडी त्यांच्या पायाखालची होती आणि गिऱ्हाईक दारात येत होतं.

जाळं कापणाऱ्याचे पैसे

कासव, डॉल्फिन, बहिरी (व्हेल शार्क) यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याची भरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. डिसेंबर २०१८ पासून राज्यात ही योजना आहे आणि आपल्या हातातल्या सगळ्या साधनांत मला ती सर्वांत मोलाची वाटते. कारण भर समुद्रात आपण नसतो, तो असतो.

चूक इथं होते: प्रकरण कार्यालयात अडकून पडतं. फोटोत तारीख नाही, होडीच्या नोंदणीची प्रत नाही, बँक पासबुक अस्पष्ट आहे. त्रुटी काढून कागद परत जातो आणि तो माणूस तेव्हा समुद्रात असतो. एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, मला विचारलं होतं, "मॅडम, कासव जिता सोरला, पैशे कवा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर एका वनरक्षकाला फक्त बंदरावर बसवलं. अर्ज तिथंच भरायचा, व्हिडिओ तिथंच घ्यायचा, झेरॉक्स आपल्या खर्चाने. प्रत्येक प्रलंबित प्रकरण दर सोमवारी मी स्वतः वाचायची. एकाचे पैसे वेळेत मिळाले की सगळ्या बंदरात कळतं, आणि एकाचे अडकले की तेही कळतं.

कासवांच्या वाळूवर

वेळास, आंजर्ले, गुहागर या नावांमुळे ऑलिव्ह रिडले कासवं आता घराघरांत माहीत झाली आहेत. वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलेलं काम गावाने उचललं, म्हणून ते उभं राहिलं. पर्यवेक्षकाने तिथं जाऊन फार काही करायचं नसतं. घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्रांच्या कामात अडथळा येऊ न देणं हेच मोठं काम. त्यांचं मानधन हंगाम संपल्यावर दोन-दोन महिने रखडणं ही इथली पहिली चूक.

दुसरी, पहाटेचा फेरा उशिरा होणं. मादीच्या वर येण्याच्या खुणा भरतीने किंवा वाऱ्याने पुसल्या की घरटं सापडत नाही, कोल्ह्या-कुत्र्यांना मात्र सापडतं. तिसरी, अंडी हलवताना ती फिरवणं. घातल्यावर काही तासांतच आत गर्भ एका बाजूला चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरतो. त्यामुळे अंडी लवकर हलवायची, वरची बाजू वर ठेवून, आणि मूळ घरट्याइतक्याच खोल, साधारण दीड फुटांच्या, खाली रुंद असलेल्या खड्ड्यात. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरतं. जास्त तापलेल्या वाळूतून माद्या निघतात, त्याहून तापली तर काहीच निघत नाही. म्हणून एप्रिलमध्ये सावलीची जाळी आणि रोजची तापमानाची नोंद हवी. हॅचरी, म्हणजे हलवलेली अंडी ठेवायची जागा, दरवर्षी त्याच वाळूवर करू नका, जुन्या कवचांची घाण तिथं राहते.

आणि पर्यटकांसाठी पिल्लं टबात थांबवून ठेवू नका. घरट्यातून निघालेल्या पिल्लाची ताकद मोजकी असते, ती समुद्र गाठण्यासाठी असते. पाहुणे उशिरा येणार असतील तर पाहुण्यांना पिल्लं दिसणार नाहीत. हे सांगायची जबाबदारी वनरक्षकावर टाकू नका, वरिष्ठाने स्वतः सांगावं.

किनारा वाचवायचा म्हणून सरसकट सुरूची झाडं लावण्याचं काय होतं, तेही इथंच दिसतं. भरतीरेषेपर्यंत सुरूची दाट ओळ आली की मादीला घरटं करायला जागा उरत नाही. वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेल पसरू द्या. ती वाळू धरते आणि कासवाच्या वाटेतही येत नाही.

देवमासा किंवा डॉल्फिन किनाऱ्याला लागला तर पहिलं काम गर्दी थांबवणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, खूप लोकांनी जिवापाड प्रयत्न केले, तरी ते वाचलं नाही. अशा वेळी पशुवैद्य येईपर्यंत ओल्या कापडांनी अंग झाकणं, श्वासाचं छिद्र मोकळं ठेवणं, शेपटीला दोर बांधून ओढू न देणं, एवढं प्रत्येक वनमजुराला पाठ असायला हवं. त्याचा सराव हंगामाआधी वाळूवर एकदा करून घ्या.

बदली झाली की सगळं पुसलं जातं

तीन वर्षांनी आपण जातो. वनपाल जातो, वनरक्षक जातो. राहतात ती रोजंदारीवरची माणसं, ज्यांना खाडीचा प्रत्येक फाटा माहीत असतो आणि ज्यांना कुठल्याही बैठकीत बोलावलं जात नाही. माझ्या पथकात सगळ्यात अचूक माहिती एका वनमजुराकडे होती. त्याचं नाव कुठल्याही अहवालात नव्हतं. त्यांची मजुरी वेळेत काढा, गमबूट आणि टॉर्च त्यांनाही द्या, आणि पंधरवड्याच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या. सुरुवातीला ते बोलत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत बोलतात.

कार्यभार देताना नुसती साहित्याची यादी देऊ नका. परिक्षेत्राची एक जाड वही ठेवा. कुठल्या रस्त्याखालचा पाइप कधी बुजतो, कुठल्या फाट्यावर पूर्वी भराव पडला होता, ठरावीक जागेवरून दर सहा महिन्यांनी काढलेले फोटो, कुठल्या बंदरावर कुणाशी बोलायचं, कुठली लागवड फसली आणि का. फसलेल्या लागवडीबद्दल लिहायला हात अडखळतो. तरी लिहा, कारण पुढचा अधिकारी नाहीतर तिथंच पुन्हा बांबू रोवेल.

माझ्या वहीत शेवटच्या पानावर एक यादी आहे, "इथं काहीही लावू नये." त्यात पहिली नोंद त्या खाडीच्या तोंडाची आहे, आणि कारणाच्या रकान्यात त्या काकांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं आहे.